रजनीच्या चाकांमधली हवा

२६ नोव्हेंबर २०२३, रविवार

आज गाडीला नवी चाकं बसवली. काळीभोर, पाच पाकळ्यांची, कडेला चंदेरी रेघ. कंपनीची साधी लोखंडी चाकं होती, वर प्लास्टिकची झाकणं. दिवाळीला रजनी सगळ्यांसमोर म्हणाली होती, "ताई, आपल्या दोघींच्या गाड्या बहिणी-बहिणीच वाटतात नाही?" तिची गाडी माझ्याच कंपनीची, पण पाच वर्षं जुनी आणि सगळ्यात स्वस्तातली. बहिणी म्हणे! त्याच दिवशी मी ठरवलं, चाकं बदलायची.

रजनी म्हणजे प्रकाशची बायको. प्रकाश यांचा चुलतभाऊ, इथेच बुऱ्हाणपुरात, लालबागला त्याचं टायरचं दुकान. मला तिथे जायचंच नव्हतं, पण हे म्हणाले, घरचा माणूस आहे. घरचा! सहा वर्षांपूर्वी त्या दुकानाच्या पाटीवर दोघांची नावं होती, आधी मधुकर, मग प्रकाश. आता यांचं नाव रंगाखाली गेलंय आणि हे केळीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहीत बसतात. काय झालं विचारलं की म्हणतात, "जाऊ दे ना, सुलभा." मी एकदाच बोलले होते, की मास्तरणीचा नवरा टायर उचलताना शाळेतल्या बायकांना दिसतो, बरं वाटत नाही. पण त्याचा आणि पाटीचा काय संबंध? नाव पुसलं ते प्रकाशनेच. मी विसरलेले नाही.

दुकानातून निघून बुधवाऱ्यातल्या घरी पोचेपर्यंत समोरच्या मीटरच्या काट्यांमधे एक पिवळा दिवा लागला. घोड्याच्या नालेसारखा आकार, आत उद्गारचिन्ह. आधी मिनिटभर लुकलुकला, मग स्थिर. चारही चाकांच्या हवेचे आकडे दिसायचे तिथे नुसत्या आडव्या रेघा. तशीच परत फिरवली गाडी. प्रकाशने आत डोकावून पाहिलं आणि हसला.

"वहिनी, टेन्शन मत लो. चाकं बदलली की तो दिवा असाच राहतो. त्याच्यावर एक टिकली लावून टाका."

दुकानातले सगळे हसले. गल्ल्यावर बसलेली रजनीसुद्धा. हेही हसले, खाली मान घालून.

टिकली.

३ डिसेंबर

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेले. चुडामण नावाचा मेकॅनिक आहे, मान खाली घालून काम करतो पण विचारलं की नीट समजावतो. म्हणाला, "मॅडम, प्रत्येक चाकाच्या आत, हवा भरायच्या वॉल्व्हला एक छोटा सेन्सर असतो. आत हवा किती, ते तो रेडिओसारखं गाडीला कळवतो. तुमची गाडी आपले चार आवाज ओळखते. ते चार जुन्या चाकांबरोबर गेले, म्हणून ती दिवा लावून बसली. जुनी चाकं आणा, सेन्सर काढून नव्यात बसवतो."

एवढंच होतं! टिकली लावा म्हणणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं होय? वीस वर्षं टायर विकतोय.

तशीच लालबागला गेले. "भावजी, माझी जुनी चाकं द्या."

प्रकाश गडबडला. "ती? ती तो गयी, वहिनी."

"कुठे गेली?"

"गेली म्हणजे... मधुदादाला विचारा ना."

घरी यांना विचारलं. हे पोळीचे तुकडे मोडत राहिले, म्हणाले, भंगारात गेली असतील, नवे सेन्सर बसवून घेऊ. मी म्हटलं, माझी कोरी चाकं भंगारात? हे उठले, हात धुतले, अर्धी पोळी ताटात. भावाची चोरी उघडी पडली की यांची भूक जाते.

१९ डिसेंबर

दिवा तसाच. नवे सेन्सर बसवणार नाही म्हणून सांगितलं आहे. माझे मला परत हवेत.

यांच्या बोटांना आज रबर सोल्यूशनचा वास होता. विचारलं तर म्हणाले, ऑफिसच्या ट्रकची स्टेपनी बदलली. बिचारे. कारकुनाला स्टेपनी बदलायला लावतात. हेसुद्धा प्रकाशच्या खात्यावर.

९ जानेवारी २०२४

चहा न करताच लिहायला बसले आहे, आनंदाने.

शाळा सुटल्यावर शनवारा चौकात केळीच्या ट्रकांनी रस्ता अडवला होता. इंचाइंचाने पुढे सरकत होते. सहज खाली पाहिलं तर दिवा विझलेला! रेघांच्या जागी आकडे. तेहतीस, तेहतीस, बत्तीस, तेहतीस. क्षणभर वाटलं, गाडी आपोआप सुधारली. मग उजवीकडे पाहिलं. माझ्या काचेला काच लावून रजनीची पांढरी गाडी. रजनी फोनवर बोलत होती. तिने मला पाहिलं नाही.

ट्रक हलला, ती पुढे निघून गेली. घरी येईपर्यंत पुन्हा रेघा, पुन्हा दिवा.

चुडामणला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, तुमचे सेन्सर जवळून जात असतील तर असं होऊ शकतं. शेजारच्या गाडीच्या चाकात असतील."

शेजारच्या गाडीच्या चाकात!

१४ जानेवारी

चार वेळा खात्री केली. रजनी भाजीला निघाली तेव्हा, मंदिरात निघाली तेव्हा. पंधरावीस पावलांच्या आत राहिलं की मिनिटा-दोन मिनिटांत आकडे येतात. तिच्या चाकांवर तिचीच जुनी झाकणं लावली आहेत, म्हणून वरून कळत नाही. केवढी हुशारी! माझी चाकं काढायची, स्वतःच्या बायकोच्या गाडीला लावायची आणि मला सांगायचं टिकली लाव.

यांना सांगितलं नाही. हे "जाऊ दे" म्हणतील. आता मी जाऊ देणार नाही.

२ फेब्रुवारी

ठरलं. अठरा तारखेला डोईफोडियाला गिरधरमामांच्या नातवाचं लग्न आहे. सगळे भाऊबंद असतील. जेवणाच्या पंगती उठल्या की चुडामणला पुढे करायचं (तो यायला तयार नव्हता, मी त्याच्या मुलीला दहावीचा भूगोल शिकवते, म्हणून तयार झाला). सगळ्यांसमोर रजनीच्या गाडीचं चाक उघडायचं आणि सेन्सर बाहेर काढून विचारायचं, भावजी, हे काय आहे? पाटीवरून नाव पुसणाऱ्याचं नाव त्या दिवशी मी पुसेन. पुरावा म्हणून रस्त्यात तिच्या मागे राहून आकड्यांचा व्हिडिओ काढायचा.

फक्त मथुराकाकूंचं वाईट वाटतं. प्रकाशची आई. मला टायफॉइड झाला तेव्हा एकवीस दिवस त्यांनी पेज करून आणली होती. पण मुलाचं वागणं त्यांनाही कळायला हवं.

हल्ली रजनीची गाडी दिसली की नजर आधी आकड्यांवर जाते. तिच्या चाकांत किती हवा आहे हे तिला ठाऊक नाही, मला आहे. हे सुख कोणाला सांगता येत नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार

सगळं लिहून काढते. नाहीतर उद्या मीच वेगळं सांगायला लागेन.

हे आणि प्रकाश कालच मंडपाच्या कामाला डोईफोडियाला गेले होते. दोघं एका मोटरसायकलवर. मला तेही आवडलं नव्हतं. सकाळी मी लालबागच्या वळणावर थांबून राहिले. रजनीची गाडी निघाली, पुढच्या सीटवर मथुराकाकू, हिरवं नऊवारी. मी फोन स्टँडवर लावला, आकडे दिसतील असा, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि मागे निघाले.

गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. आकडे आले. तेहतीस, बत्तीस, तेहतीस, तेहतीस. मी खूश. थोड्या वेळाने मागच्या डाव्या चाकाचा आकडा एकतीस झाला. मग एकोणतीस. मग सव्वीस.

काय होतंय ते मला कळलं. खिळा असेल, काटा असेल. भूगोलाच्या बाईला आलेख वाचता येतो.

मला आनंद झाला. हेच लिहायला बसले आहे, म्हणून लिहिते. मला वाटलं, बस आता रस्त्यात. लग्नाच्या साडीत चाक बदल. चोरीच्या चाकाने दगा दिला, देव आहे. मी हॉर्न वाजवू शकत होते. रजनीचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे, स्टिअरिंगवरचं एक बटण दाबलं की लागला असता. मी दाबलं नाही.

चोवीस. एकवीस. आकडा लाल झाला. तिच्या गाडीला हे कळायची सोयच नव्हती, ती आरामात सत्तरच्या वेगाने चालली होती. मागून पाहिलं तर चाक जरा बसल्यासारखं दिसत होतं.

सतराला मला काकू दिसल्या. म्हणजे खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला, ओढ्यावरच्या मारुतीला नमस्कार करायला. तेव्हा मी हॉर्न दाबला. दिवे मारले. जवळ नेली गाडी. रजनीने आरशात पाहिलं, मला दिसलं तिने पाहिलेलं. आणि तिने वेग वाढवला.

मी पुन्हा हॉर्न. ती आणखी जोरात. नव्वद असेल. पुढे पुलाआधीचं वळण होतं. टायर फुटल्याचा आवाज माझ्या बंद काचांमधून आला. गाडी डावीकडे ओढली गेली, रस्ता सोडून केळीत घुसली, सात-आठ झाडं आडवी करून कलली.

काकूंचा पट्टा लावलेला नव्हता. त्यांना मीच बाहेर ओढलं. रजनीच्या कपाळाला खोक पडली होती, ती नुसती "आई, आई" करत होती. काकू ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सुलभा, माहा पाय कुठी हाये पाह्य बरं. मले समजत नाही."

माझ्याच गाडीतून दोघींना बुऱ्हाणपूरला आणलं. खुब्याचं हाड मोडलं आहे.

२१ फेब्रुवारी

काल ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने ठीक, पण आधाराशिवाय चालणं आता कठीण.

सगळे माझं कौतुक करतात. गिरधरमामा म्हणाले, तू मागे होतीस म्हणून दोघी वाचल्या. प्रकाशने दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर माझे पाय धरले. त्याच सगळ्या भाऊबंदांसमोर, ज्यांच्यासमोर मला त्याचं नाक कापायचं होतं. रडत होता, "वहिनी, तुमचे उपकार कैसे फेडू." मी पाय मागे घेतले. लोकांना वाटलं, विनय.

नंतर यांना बाजूला घेतलं. म्हटलं, माझी चाकं त्याच्या गाडीला होती, तुम्हाला ठाऊक आहे?

हे म्हणाले, "मीच दिली ती."

"तुम्ही?"

"रजनीचे टायर घासून गुळगुळीत झाले होते. काकूला डोळ्यांसाठी दर पंधरा दिवसांनी ती खंडव्याला नेते. आपली कोरी होती, दुकानात पडून राहिली असती. प्रकाश नको म्हणत होता. मीच बसवली, माझ्या हाताने."

"मला का नाही सांगितलं?"

"तू देऊ दिली असतीस?"

राग आला. प्रकाशवर येत होता तसाच, पण आता तो कुठे ठेवायचा ते कळेना.

२४ फेब्रुवारी

फोनमधला व्हिडिओ पाहिला. पुसायला म्हणून उघडला होता.

सव्वीस ते सतरा, अकरा मिनिटं. मला वाटत होतं दोन-तीन असतील. आकडे दिसतात, रस्त्याचा आवाज येतो आणि मधूनच माझा. हळू, लाडाने बोलल्यासारखा. "उतर. उतर आणखी."

मी असं बोलले हे मला आठवतच नाही. पण आवाज माझा आहे.

पुसला नाही.

२६ फेब्रुवारी

दुपारी काकू झोपल्या होत्या. रजनी कपाळाला पट्टी बांधून बाकावर बसली होती. मी डबा घेऊन गेले तर तिने मला शेजारी बसवलं.

"ताई, कोणाला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. मी तुम्हाला आरशात पाहत होते. तुम्ही हॉर्न वाजवला तर मला वाटलं, तुम्हाला पुढे जायचंय. नवीन चाकं दाखवायची आहेत. मी म्हटलं, नाही जाऊ देणार. म्हणून जोरात काढली." तिने पदर तोंडाशी धरला. "मी थांबले असते तर आईंचा पाय राहिला असता. माझ्यामुळे झालं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आणि लिहायलाच हवं, माझ्या आत काहीतरी शांत झालं. यापेक्षा मोठा सूड मला कधी सुचला नसता. प्रकाशने माझे पाय धरले, रजनी जन्मभर स्वतःला खाईल आणि मला फक्त गप्प बसायचं होतं. पाठीवर थोपटत बसायचं होतं.

पाच-सहा मिनिटं मी तशी बसलेही. थोपटत.

मग ती म्हणाली, "तुम्ही तरी किती चांगल्या. इतका हॉर्न वाजवला."

मी उठून घरी आले. डबा तिथेच राहिला.

२८ फेब्रुवारी

आज सांगितलं. काकू जाग्या होत्या, रजनी त्यांच्या उशाशी. आधी फक्त रजनीला सांगणार होते, पण पाय काकूंचा मोडला आहे.

म्हटलं, "काकू, टायरमधली हवा जात होती ते मला माझ्या गाडीत दिसत होतं. पहिल्यापासून. मी अकरा मिनिटं काही केलं नाही. रजनी फसावी असं मला वाटत होतं. हॉर्न मी फार उशिरा वाजवला."

रजनीला आधी समजलंच नाही. दिसत होतं म्हणजे? मी फोन पुढे केला. तिने पाहिला. माझा तो आवाज आला तेव्हा तिने फोन खाटेवर टाकला, जसा चटका बसावा.

"निघा," ती म्हणाली. "ताई, निघा इथून. नाहीतर मी काय करेन मला माहीत नाही."

मी वळले तर काकू बोलल्या. "थांब वो रजनी. ते काय बोलली यंत्रात, मले ऐकू दे."

काकूंना डोळ्यांनी नीट दिसत नाही. रजनीने पुन्हा लावला. काकूंनी शेवटपर्यंत ऐकला. हॉर्न, टायरचा आवाज, मग माझं धावणं. खोलीत सलाइन टपटपत होतं.

"तुही चाकं होती नं ते?" काकूंनी विचारलं.

"हो."

"मागाची होती मंग. तोंडानं."

मी म्हटलं, "काकू, मला माफ करा."

"माफी घेऊन मी काय करू? माफीनं संडासात जाता येते का मले?" त्या चिडलेल्या नव्हत्या. दमलेल्या होत्या. "डाक्टर म्हणे, घरी गेल्यावर उठवाले दोन बाया लागतीन. रोज. एक रजनी हाये. सकाळी सात वाजता येजो. शाळेच्या आधी."

"आई, मला ही नको," रजनी म्हणाली.

"तुले नको. मले पाहिजे. दुसरी बाई कुठून आनू?"

२ मार्च, शनिवार

काकूंना काल घरी आणलं. यांना सांगितलं, सकाळचा चहा तुमचा तुम्ही करून घ्या, रोज. यांनी कारण विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं. यांनी गाडीची किल्ली आणून माझ्या हातात दिली. मी ती खुंटीला लावली आणि चालत गेले.

पावणेसातला लालबागला पोचले, सात वाजेपर्यंत बाहेर उभी राहिले. रजनीने दार उघडलं. माझ्याकडे पाहिलं नाही, दार मात्र उघडं ठेवून आत गेली.

काकू म्हणाल्या, "दोघीजनी एका टाइमाले उचला. मागेपुढे केलं तं मले कळ येते."

पायाकडून रजनीने धरलं, खांद्याकडून मी. पहिल्यांदा मी घाई केली, काकू विव्हळल्या, रजनीने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी हात सोडायच्या बेतात होते. सोडले नाहीत.

"परत," काकू म्हणाल्या.

रजनीने दात आवळून मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. तिनावर आम्ही दोघींनी उचललं.